पुराव्याचा भार कोणावर?

खातेनिहाय चौकशीत दोषारोप सिद्ध करण्याची जबाबदारी खात्याची असते, हा प्रशासनातील पहिला पाठ. उत्तेजक द्रव्यांच्या नियमांत तो उलटतो. नमुन्यात निषिद्ध द्रव्य सापडले की दोष गृहीत धरला जातो. ते शरीरात कसे गेले, हे खेळाडूनेच दाखवायचे.

इथे रिसालीतील मराठी मंडळींत कुस्तीचा विषय निघाला की मला नरसिंग यादवचे प्रकरण आठवते. २०११ ते २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी, राज्य पोलिसांत उपअधीक्षक. जून २०१६ मध्ये सोनिपतच्या सराव शिबिरात घेतलेल्या त्याच्या नमुन्यात मेथँडिएनोन आढळले. आपल्या आहारात ते कोणीतरी मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. १ ऑगस्टला 'नाडा'च्या समितीने त्याला निर्दोष ठरवले. जागतिक संस्था 'वाडा'ने अपील केले आणि १८ ऑगस्टला, रिओतील त्याच्या लढतीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. कारस्थानाचा पुरावा नाही, हे कारण.

नियम निरर्थक नव्हे. तो नसेल तर प्रत्येक जण कारस्थानाकडेच बोट दाखवील आणि प्रामाणिक प्रतिस्पर्ध्याचा हक्क बुडेल. परंतु शिबिराचे भोजनगृह खेळाडूच्या ताब्यात नसते. तेथील नोंदी आणि देखरेख व्यवस्थापनाच्या हाती असते. २०२२ च्या कायद्याने 'नाडा'ला वैधानिक अधिष्ठान मिळाले. अधिकारांबरोबर पुरावा जपून खेळाडूला देण्याचे कर्तव्यही शिबिर चालवणाऱ्यांवर यायला हवे. भार ज्याच्यावर, साधनेही त्याच्या हाती असावीत.