मेलेल्या उंदरांची शिरगणती

मार्च 2018 मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत मंत्रालयातल्या उंदरांचा विषय काढला आणि राज्यभर हशा पिकला. सात दिवसांत 3 लाख 19 हजार 400 उंदीर मारल्याची नोंद आहे, म्हणजे रोजचे पंचेचाळीस हजार. मग एवढे मेलेले उंदीर गेले कुठे, असा त्यांचा सवाल होता. पुढे खुलासा आला की तो आकडा उंदरांचा नसून विषारी गोळ्यांचा आहे.

घोटाळा होता की नव्हता, हा वाद बाजूला ठेवू. किती मारले किंवा किती गोळ्या टाकल्या, याचा हिशेब सरकारी दप्तरात असतो. जिवंत किती उरले, याचा नसतो. ही सवय फार जुनी आहे.

व्हिएतनाममधलं हनोई हे त्याचं सर्वात गाजलेलं उदाहरण. फ्रेंचांनी तिथे गोऱ्या वस्तीसाठी आधुनिक गटारं बांधली आणि उंदरांना आयतं घर मिळालं. प्लेगच्या भीतीने 1902 मध्ये स्थानिक मजूर गटारात उतरवले गेले. जूनमध्ये दिवसाला वीस हजारांपर्यंत उंदीर मारले गेले, तरी फरक पडेना. मग एका शेपटीला एक सेंट असं बक्षीस लावलं. शेपट्यांचे ढीग जमू लागले आणि रस्त्यात बिनशेपटीचे उंदीर दिसू लागले. लोक शेपूट कापून उंदीर सोडून देत होते, म्हणजे त्याची पिल्लं पुढे कामाला येतील. शहराबाहेर तर उंदीर पाळले जात असल्याचं आढळलं. बक्षीस बंद करावं लागलं. हा किस्सा सहसा लोकांच्या लबाडीचा म्हणून सांगतात. मला त्यात लबाडी कमी आणि व्यवहार जास्त दिसतो. सरकारने शेपूट विकत घ्यायची ठरवली, लोकांनी शेपूट विकली.

पण समजा, कुणीच फसवलं नसतं तरी काय झालं असतं? उंदरीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो. एका वेताला सात-आठ पिल्लं होतात आणि ती दोन-तीन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. निम्मे मारले तर उरलेल्या निम्म्यांना दुप्पट खाणं आणि दुप्पट जागा मिळते. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात डेव्हिड डेव्हिस यांनी 1940 च्या दशकात हे तपासलं. नुसतं मारून संख्या पुन्हा भरून येते. खाणं आणि लपायची जागा कमी केली तर ती कमी राहते. विषाचंही तसंच. उंदीर नवी वस्तू आधी चाखून बघतो आणि पोटात दुखलं तर पुन्हा तिच्या वाटेला जात नाही. त्यावर उपाय म्हणून हळूहळू मारणारं वॉरफरिन आलं, तर 1958 मध्ये स्कॉटलंडमध्ये त्यालाही न जुमानणारे उंदीर सापडले. आमची दादी तांदळाच्या डब्यावर वरवंटा ठेवायची. घरात मांजर होती, पण दादीचा भरवसा वरवंट्यावर होता.

आता मुंबईकडे येऊ. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी ही गोदीलगतची धान्याच्या वखारींची पेठ. तिथे उंदीर मरून पडत होते आणि ते लोकांना दिसतही होते. उंदीर आणि ताऊन यांचं नातं जुन्या माणसांच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. बादशहा जहांगीरने आपल्या आठवणींत 1619 च्या सुमाराची आग्र्याकडची एक हकीकत लिहून ठेवली आहे. एका उमरावाच्या घरी अंगणात उंदीर झिंगल्यासारखा चालताना दिसला. मांजरीने त्याला पकडलं आणि लगेच टाकून दिलं. मांजर आजारी पडली, मग एका दासीला गाठ आली आणि पुढे घरात माणसं मरू लागली. रोगजंतू ठाऊक नसलेल्या बादशहाने क्रम मात्र अचूक नोंदवला होता.

मुंबईच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी तो क्रम मानला नाही. त्यांच्या मते दोष घाणीत, जमिनीत आणि हवेत होता. गटारांत कार्बोलिक ओतलं, भिंतींना चुना फासला, कौलं उतरवली, सामान जाळलं आणि घरांवर 'राहण्यास अयोग्य' अशा अर्थाची इंग्रजी आद्याक्षरं रंगवली. घराघरांत शिरून रोगी शोधले. मार्च 1898 मध्ये मदनपुऱ्यातल्या विणकर मोमिनांनी एका मुलीला तपासायला नकार दिला. दगडफेक झाली, गोळीबार झाला, शहरात दंगल पसरली. सरकारी भाषेत हा धर्मवेडेपणा ठरला. पण सरकार ज्या मुलीची तपासणी करायला निघालं होतं, तिच्यापेक्षा तिच्या छपरातल्या उंदराची तपासणी जास्त उपयोगी ठरली असती.

त्याच वर्षी कराचीत पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं की प्लेग उंदराच्या पिसवांमधून पसरतो. त्याची थट्टा झाली. सरकारी प्लेग आयोगानेही ते मानलं नाही. काही वर्षांनी परळच्या प्रयोगशाळेत लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पक्कं केलं. त्यांचा एक प्रयोग फार बोलका आहे. त्यांनी आवारात लहान कोठड्या बांधल्या: काहींवर देशी कौलं, काहींवर मंगलोरी कौलं, काहींवर पत्रा. देशी कौलांत उंदीर मजेत राहिले, मंगलोरी कौलांत त्यांची अडचण झाली आणि पत्र्याखाली त्यांना शिरताच आलं नाही. खालच्या गिनीपिगांचं मरण-जगणं बरंचसं छपरावर ठरलं.

म्हणजे प्रश्न घरांचा होता. 1898 मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला होता आणि त्याची पहिली योजना नागपाड्याची. घरं पाडण्याचा वेग बांधण्यापेक्षा जास्त होता. उठवलेली कुटुंबं शेजारच्या चाळींत दाटीवाटीने शिरली, तिथे धान्य होतं, कौलं होती आणि उंदीरही होते. मांडवीच्या वखारींत धान्याची पोती पूर्वीसारखीच पडत राहिली. तिथल्या अनेक व्यापाऱ्यांचा जीवदयेपोटी उंदीर मारायला विरोध होता, हे खरं. पण वखारी उंदीरबंद करायला जीवदया आड येत नव्हती. त्याला पैसा लागत होता. 'गलिच्छ वस्ती' हा शिक्का मात्र मोमिनांच्या आणि गिरणी कामगारांच्या मोहल्ल्यांवर बसला.

मुंबई महापालिकेने पुढे रात्री उंदीर मारणारी माणसं नेमली. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. बाजारामागच्या गल्ल्या, हॉटेलांची मागची दारं, कचराकुंड्या अशा ठिकाणी ती फिरतात. उंदीर बॅटरीच्या झोतात क्षणभर थबकतो, तेवढ्यात काठी बसली पाहिजे. एका रात्रीचा कोटा तीस उंदरांचा. तेवढे भरले नाहीत तर रोजावर गदा. सकाळी पोतं घेऊन ते चौकीवर येतात, उंदीर ओळीत मांडले जातात आणि एक कर्मचारी ते मोजून वहीत आकडा लिहितो.