पलटणीतील शाळा आणि गावचा कारभार

देवालयाच्या जीर्णोद्धारासाठी सारे गाव एकत्र येते, तेव्हा गावाला एकत्र आणणारी माणसे कोठे घडली याचेही स्मरण होणे उचित ठरते. कोकणात अशी काही माणसे पलटणीत घडली.

इंग्रजांच्या मुंबई लष्करात महार समाजातील शिपाई मोठ्या संख्येने होते. गावच्या शाळेचे दार ज्यांना बंद होते, त्यांच्या मुलामुलींना पलटणीत सक्तीने शिक्षण मिळे. लिहिणे-वाचणे, हिशेब, शिस्त आणि हाताखालच्या माणसांची जबाबदारी हे सारे त्यांना तेथे लाभले. पेन्शनीवर निघालेले अनेकजण दापोलीच्या कॅम्पात स्थायिक झाले.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांपैकीच एक होत. 1886 साली ते लष्करातून निवृत्त झाले. महात्मा फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. 1888 मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढून अस्पृश्यतेला धर्माचा आधार कोणता, असा रोखठोक सवाल धर्ममार्तंडांना केला. पुढे महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा 1894 साली त्यांनी सरकारकडे अर्ज तयार केला. भरती थांबली म्हणजे केवळ पगार थांबला असे नव्हे, तर शाळाही गेली, हे त्यांनी ओळखले होते.

1895 साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. त्यांच्यासोबत बसण्यास स्पृश्य सभासदांनी हरकत घेतली. रणांगणावर चालणारा माणूस बोर्डाच्या बैठकीत चालत नव्हता! 1900 साली गोपाळबाबा निवर्तले.

मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. महू छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी जन्मलेले त्यांचे पुत्र म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बोर्डातील तोच प्रश्न 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पुन्हा उभा राहिला. नगरपालिकेने 1924 मध्येच तळे सर्वांस खुले केले होते, पण ठराव कागदावरच राहिला होता. बाबासाहेबांनी व सहकाऱ्यांनी तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि परिषदेसाठी आलेल्यांवर हल्ले झाले. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना प्रतिहल्ल्यापासून रोखून न्यायालयाचा मार्ग धरला. 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला.

देवळाच्या नावाने माणसे दूर लोटली गेली, हा इतिहास विसरता येणार नाही. पलटणीने दिलेले शिक्षण आणि धीर त्या पेन्शनर शिपायांनी स्वतःपुरता ठेवला नाही. तो समाजाच्या कामी लावला. आजही सैन्यातून परतलेले जवान गावोगाव आहेत. त्यांचा सत्कार शाल-श्रीफळ देऊन जरूर व्हावा. पण ग्रामसभेत आणि देवस्थानच्या कारभारातही त्यांना, ते कोणत्याही आळीतले असोत, मानाची जागा मिळावी. नव्या सभामंडपाची खरी शोभा त्यातच आहे.