घाटाखालचा मुक्काम : शहापूर-मुरबाडच्या वाटांवरील निवाऱ्याचा इतिहास

कल्याण बंदरातून घाटमाथ्यावर जाणाऱ्या जुन्या वाटांपैकी दोन वाटा ठाणे जिल्ह्याच्या आजच्या ग्रामीण भागातून जातात. एक शहापूर तालुक्यातून कसाऱ्यावरून थळघाटाने नाशिककडे चढते, तर दुसरी मुरबाड तालुक्यातून वैशाखरे गावाजवळ सह्याद्रीच्या पायथ्याला भिडते आणि नाणेघाटाने जुन्नर गाठते. कल्याण, जुन्नर आणि नाशिक ही व्यापाराची व धर्माची मोठी केंद्रे असल्याने प्रवासी तेथे आठवडा-आठवडा राहत. शहापूर-मुरबाडच्या वाट्याला मात्र बहुधा एका रात्रीचा मुक्काम येई. ही एक रात्र कोठे काढायची, हे प्रवाशाच्या आवडीपेक्षा पाणी, जनावरांची वैरण आणि दुसऱ्या दिवशीची चढण यांवरून ठरे. लादलेला बैल उन्हात घाट चढू शकत नसल्यामुळे पहाटे निघता येईल अशा बेताने पायथ्यालाच थांबणे भाग असे, आणि म्हणूनच या भागातील मुक्कामाच्या जागांचा माग काढायचा तर तो घाटांच्या तोंडाशी काढावा लागतो.

नाणेघाटाच्या माथ्यावर, खिंडीच्या तोंडाशीच, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेले सातवाहनांचे लेणे आहे. लेणे म्हणजे डोंगराच्या कातळात खोदलेली वास्तू. येथील चौकोनी दालनाच्या भिंतींवर राणी नागनिकेचा दीर्घ ब्राह्मी लेख असून त्यात यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण नाण्यांची मोजदाद आहे. मागील भिंतीवर सिमुक, सातकर्णी व इतर राजकुलीन व्यक्तींच्या मूर्ती होत्या, त्यांचे आता पावलांचे अवशेष आणि वरची नावे तेवढी उरली आहेत. हे दालन भिक्षूंच्या विहारासारखे नाही, कारण त्यात झोपण्याच्या खोल्या नाहीत. भिंतींलगतचे ओटे आणि परिसरात खोदलेली पाण्याची टाकी पाहिली की राजघराण्याने आपली कीर्ती मुद्दाम अशा जागी कोरली हे उघड होते, जिथे चढून दमलेला प्रत्येक माणूस टेकणारच होता. वाटेवरच्या सोयीशी राजसत्तेने आपले नाव इतक्या उघडपणे जोडल्याचे महाराष्ट्रातील इतके जुने उदाहरण दुर्मीळ आहे.

घाट चढून जुन्नरला पोहोचलेल्या माणसासाठी दानधर्मातून उभी राहिलेली व्यवस्था बरीच विस्तृत होती. तेथील शिलालेखांत इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक वा पश्चिमेकडील परदेशी माणसाने, दोन पोढी म्हणजे पाण्याची टाकी दिल्याची, तर चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. निवाऱ्याचा आणखी स्पष्ट उल्लेख नाशिकच्या लेण्यांत सापडतो: क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आजचे नालासोपारा, येथे चतुःशाल धर्मशाळा बांधल्याचे तेथे कोरलेले आहे. मधल्या अंगणाभोवती चारी बाजूंनी दालने असलेल्या घराला चतुःशाल म्हणत. गोवर्धन हे नाशिकजवळचे ठाणे असल्याने किनाऱ्यावरील शूर्पारकात एक आणि घाटमाथ्यावर एक असे दोन निवारे या दानामुळे उभे राहिले. त्या दोहोंमधले चढणीचे अंतर प्रवाशाने आपल्या हिंमतीवर कापायचे होते.

पुढील शतकांत ही मधली उणीव गावगाड्याने भरून काढली. परका माणूस सांजवेळी गावात आला की तो देवळात किंवा चावडीवर, म्हणजे पाटलाच्या कारभाराच्या सामाईक जागी, उतरे आणि त्याची वर्दी देण्याचे काम गावच्या महाराकडे असे. बैलांच्या तांड्यांनी मीठ व धान्य वाहणारे वंजारी मात्र गावात न शिरता पाण्याजवळच्या माळावर गोण्यांची थप्पी रचून तिच्या आडोशाला रात्र काढत. या पाहुणचाराचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये: गावात येणाऱ्याची वर्दी देणारा महार स्वतः परगावी गेला, तर देवळाच्या ओवरीत वा धर्मशाळेत त्याला पाठ टेकता येत नसे. सार्वजनिक निधीतून चालणारे पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला आणि तोही बहुतांश ठिकाणी कागदावरच राहिला. मुक्कामाची जागा निवडणे हे स्वातंत्र्य फार थोड्यांना होते, ही या इतिहासातील सर्वांत जड नोंद आहे.

दरम्यान रेल्वेने शहापूरची वाट पालटली होती. १८५४ मध्ये कल्याणला आलेला लोहमार्ग १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत पोहोचला, आणि १८६५ मध्ये थळघाट पार करून माथ्यावरील इगतपुरीला जोडला गेला. सदतीस फुटांमागे एक फूट अशा खड्या चढणीसाठी गाडीला कसाऱ्यात जादा इंजिन जोडावे लागे, त्यामुळे पूर्वीचा रात्रभराचा मुक्काम काही मिनिटांच्या थांब्यावर आला. मुरबाडकडे लोहमार्ग वळला नाही, म्हणून तिथला पायथ्याचा मुक्काम अधिक काळ टिकला. याच दुर्गमतेने पुढे वेगळ्या प्रवाशांना आसरा दिला: १९४२ च्या आंदोलनातील भूमिगत क्रांतिकारक भाई कोतवाल व हिराजी पाटील सिद्धगडाच्या जंगलात दडून होते आणि २ जानेवारी १९४३ रोजी तेथेच पोलिसांच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आले.

अनेक दिवसांच्या मुक्कामाची मुरबाड तालुक्यातील खरी परंपरा म्हसा गावी पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हसोबाच्या यात्रेत दिसते. गुरांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध असून, विक्रीला आणलेल्या जनावरांपासून दूर जाता येत नसल्याने शेतकरी व व्यापारी उघड्या रानात खुंट्यांशेजारीच चूल मांडतात, पौषाच्या थंडीत घोंगडी पांघरून तिथेच झोपतात, आणि बैलजोडी विकली गेली की दावे गुंडाळून मुक्काम हलवतात.