वीर्याचार, संघ आणि बुलढाण्याचे तलाव



प्रतिक्रमणात आपण पाच आचारांची आलोचना करतो. ज्ञानाचार, दर्शनाचार, चारित्राचार आणि तपाचार यांच्यावर चातुर्मासात भरपूर व्याख्याने होतात. पाचव्या वीर्याचाराशी मात्र आपण फारशा थांबत नाही. इथे वीर्य म्हणजे जिवाची शक्ती. मन, वचन आणि काया यांत जेवढे बळ आहे, ते चांगल्या कामाच्या वेळी झाकून ठेवणे हा या आचारातला अतिचार. जिच्या अंगात बळच उरलेले नाही, तिला दोष नाही. असलेले बळ लपवणारीला आहे.

उपासकदशांग सूत्रात सद्दालपुत्र कुंभाराची कथा येते. पोलासपूर नगरीतला हा मोठा व्यापारी, भांड्यांची पाचशे दुकाने असलेला. तो आजीवक मताचा होता. सगळे आधीच ठरलेले असते, माणसाच्या प्रयत्नाने काही होत नाही, अशी त्याची पक्की समजूत. उन्हात वाळत घातलेली मडकी पाहून भगवान महावीरांनी त्याला विचारले, ही कशी झाली? त्याने सांगितले, माती पाण्यात कालवली, तीत राख आणि शेण मिसळले, मग चाकावर चढवली. पुढचा प्रश्न असा की हे प्रयत्नाने झाले की प्रयत्नाशिवाय? तो आपल्या मताला धरून म्हणाला, प्रयत्नाशिवाय. मग भगवंतांनी विचारले, कोणी तुझी मडकी फोडली, तुझ्या पत्नीशी, अग्निमित्रेशी, गैर वागला, तर काय करशील? त्याला शिक्षा करीन, असे तो म्हणाला. सगळे ठरलेलेच असेल तर शिक्षा कोणाला आणि कशाची? सद्दालपुत्राला उमगले. त्याने श्रावकाची व्रते घेतली आणि अग्निमित्राही श्राविका झाली.

पण उद्यम मानला तरी एकटीचा उद्यम किती पुरणार? म्हणून भगवंतांनी साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका असा चतुर्विध संघ स्थापला. प्रत्येकाचे आचार वेगळे आणि जबाबदारी वेगळी. शक्ती प्रत्येकात असते, तिला वाट संघ करून देतो. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही रचना आजही कशी कामाला येते, त्याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे.

आधी त्यामागची संस्था पाहू. बीड जिल्ह्यातून पुण्याला येऊन बांधकाम व्यवसायात स्थिरावलेल्या शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये भारतीय जैन संघटना सुरू केली. सुरुवातीचे काम आपल्या घरातलेच होते. हुंडा आणि लग्नाचा डामडौल यांत मुलीचे वडील बुडत होते, त्यावर उपाय म्हणून सामूहिक विवाह. एक मांडव, एक पंगत, एक हिशोब. अनेक घरांचा खर्च एकत्र केला की प्रत्येकावरचा भार किती हलका होतो, हे समाजाने तिथे पाहिले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुले पुण्याला आणली आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. मदतीचे कपडे आणि धान्य काही आठवड्यांत संपते. मूल दहावी-बारावीपर्यंत सांभाळायचे तर वर्षानुवर्षे रोजचा स्वयंपाक, आजारपण, फी आणि अभ्यास पाहावा लागतो. नुसत्या कळवळ्याने ते होत नाही, त्याला बसवलेली व्यवस्था लागते. पुढे २००१ च्या कच्छ भूकंपानंतर शाळा उभारण्याचे काम याच अनुभवातून झाले आणि २०१३ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात तलावांतला गाळ काढण्याचे.

आता बुलढाणा. आपला जिल्हा तेरा तालुक्यांचा. बरीचशी शेती पावसावर, पिके कापूस आणि सोयाबीन. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या बाजूला पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा, म्हणजे विहिरीला पाणी लागले तरी ते खारट. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या पश्चिम विदर्भातल्या जिल्ह्यांत आपलेही नाव आहे. पाणी साठवण्याची विद्या मात्र इथे जुनीच. सिंदखेडराजाला जिजाऊंच्या माहेरचा, जाधवांच्या काळातला मोती तलाव आहे. तलाव असूनही पाणी टिकत नव्हते, याचे मोठे कारण गाळ. दर पावसाळ्यात शेताच्या वरच्या थरातली बारीक, सुपीक माती ओढ्याने वाहून तलावात बसते. त्यामुळे दोन तोटे होतात : तलाव उथळ होतो आणि शेत उघडे पडते. तोच गाळ उचलून हलक्या मुरमाड जमिनीत पसरला तर जमीन ओल धरते आणि तलावातही जागा होते.

हे गावागावात माहीत होते. शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनाही आणली होती. पण एका शेतकऱ्याकडे गाळ उकरायला यंत्र नाही, संस्थेकडे सगळ्या डिझेलचा पैसा नाही, आणि शासनाकडे प्रत्येक बांधावर गाळ पोचवण्याची सोय नाही.

मार्च २०१८ मध्ये ‘सुजलाम् सुफलाम् बुलढाणा’ हे काम सुरू झाले, तेव्हा हीच गाठ सोडवली गेली. भारतीय जैन संघटनेने १३४ जेसीबी आणि पोकलेन यंत्रे जिल्ह्यात उतरवली. इंधनाचा खर्च शासनाने उचलला. काढलेला गाळ आपल्या ट्रॅक्टरने, आपल्या खर्चाने शेतात नेणे शेतकऱ्याकडे. तिघांपैकी एकानेही हात आखडला तर काम थांबणार. यंत्र आहे पण डिझेल नाही, तर ते उन्हात उभे. गाळ निघाला पण उचलला नाही, तर पहिल्या पावसात परत तलावात. शेतकऱ्याने स्वतःचे पैसे घातले म्हणून त्याने गाळ वाया जाऊ दिला नाही, हेही लक्षात घ्या. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत आपल्या घरात किती राहते, ते आपल्याला ठाऊक आहेच.

त्याच सुमारास महामार्गाच्या भरावाला लागणारा मुरूम आणि माती तलाव-नाल्यांच्या खोलीकरणातून घेण्यात आली. रस्त्याला माती मिळाली आणि गावाला खोल तलाव. हा ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून पुढे इतरत्रही सांगितला गेला.

याच उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातले सिंदखेड (सिंदखेडराजा नव्हे) राज्यात दुसऱ्या क्रमांकात विभागून आले. पंचेचाळीस दिवस बाया-माणसांनी कुदळ-फावडे आणि टोपली घेऊन श्रमदान केले. डोक्यावरून पाणी वाहणारी बाईच पाण्याच्या कामाला आधी उठते, यात नवल नाही.

आता आपल्या घरातल्या एखाद्या सासूबाई विचारतील, श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत जमीन फोडण्याचा धंदा आहे, मग आपल्या समाजाने जेसीबी कसे लावले? प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्याच पंधरांत तलाव, सरोवर आटवणे हेसुद्धा आहे. कर्मादान ही उपजीविकेची गोष्ट आहे, आणि इथे कोणी नफ्यासाठी खोदत नव्हते. खोदाई भर उन्हाळ्यात, पाणी आटलेल्या जागेत होते. तरीही पृथ्वीकायाची आणि त्रस जिवांची विराधना झाली नाही असे म्हणता येणार नाही. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला पाण्यावाचून तडफडणारी गुरे, पाखरे आणि माणसे. गृहस्थाच्या वाट्याला हा तोल सांभाळणे येतेच. तुमच्या मनात शंका असेल तर महाराज साहेबांना, महासतीजींना जरूर विचारा. जतनेने काम करा, एवढे उत्तर तरी सगळीकडे सारखेच मिळेल.

या इतिहासातून मला एक गोष्ट घ्यावीशी वाटते. आपल्या महिला मंडळात उत्साहाला तोटा नसतो. पर्युषणात आठ दिवस आपण काय काय करतो! मग एखादे वर्षभराचे काम हाती घेतले की तिसऱ्या महिन्यात दोघी-तिघीच उरतात, आणि त्याही कुरकुरत. शक्ती तीच असते, वाटणी झालेली नसते. वर्गणी कोणाची, वेळ कोणाचा, हिशोब कोणाकडे, हे पहिल्या बैठकीत लिहून ठेवले आणि ज्यांच्यासाठी काम आहे त्यांच्याकडेही काही वाटा ठेवला, तर काम टिकते. आणि वाटा ठरवताना हिशोबाची वही नेहमीप्रमाणे घरच्या पुरुषांकडे जाऊ देऊ नका. महिन्याचे सगळे घर चालवणारीला मंडळाची वही जड नाही.

तलावात गाळ पुन्हा येणारच, दर पावसाळ्यात थोडा थोडा. तेव्हा २०१८ मध्ये झाले म्हणून ते काम संपलेले नाही. पुढच्या उन्हाळ्यात माहेरी किंवा सासरी गेलात तर गावचा तलाव बघून या. गाळ कितपत भरला आहे, तो उचलायला कोण तयार आहे, ट्रॅक्टर किती घरी आहेत, ग्रामपंचायतीत अर्ज कोण करेल, एवढे विचारून या. मंडळाच्या बैठकीत सांगायला तेवढे पुरे आहे.

जय जिनेंद्र.