उथळ पाण्याची किंमत : जेट बोटीचे इंधन आणि तिचा पल्ला

पैनगंगा वाशीम जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने वाहते. उन्हाळ्यात तिचे पात्र कित्येक ठिकाणी चपला हातात घेऊन ओलांडता येते. हीच नदी पुढे वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. नकाशावर पाहिले तर वाशीमहून बंगालच्या उपसागरापर्यंत सलग जलमार्ग आहे. एकोणिसाव्या शतकात काही माणसांनी असा नकाशा फार गांभीर्याने घेतला होता.

१८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. वाशीम, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजी दप्तरातले ‘बासीम’, त्याच मुलखात होते. वऱ्हाडाचा कापूस बैलगाड्यांवरून कित्येक आठवडे प्रवास करी. धवलेश्वरम येथे गोदावरीवर बंधारा बांधणारे अभियंते आर्थर कॉटन यांचा आग्रह असा की, वऱ्हाड-नागपूरकडचा माल वर्धा, प्राणहिता, गोदावरी या मार्गाने आगबोटींनी पूर्व किनाऱ्यावर उतरवावा. वाटेत दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी असे तीन मोठे खडकाळ अडसर होते. ते टाळण्यासाठी बंधारे व कालवे यांची कामे सुरू झाली. पण १८६७ मध्ये रेल्वे नागपुरास पोहोचली आणि १८७१ मध्ये सरकारने योजना गुंडाळली. रेल्वेला दोष देणे सोपे आहे. खरा अडथळा नदीच्या तळाशी होता. पावसाळा सरला की पाणी उतरे, आणि खडक व वाळू वर येत.

उथळ पाण्यात पाण्याखाली फिरणारा पंखा तळाला आपटतो. पंख्याविना चालणारी नौका मात्र त्या काळी अस्तित्वात होती. ब्रिटिश नौदलाने १८६६ मध्ये ‘वॉटरविच’ नावाची युद्धनौका बांधली. तिच्या पोटात वाफेवर चालणारा प्रचंड पंप होता; तो तळातून पाणी ओढून दोन्ही बाजूंनी मागे फेकी. पंखेवाल्या ‘व्हायपर’ या नौकेशी तिची तुलना झाली. दोघींचा वेग नऊ नॉटच्या आसपास होता, पण वॉटरविचला त्यासाठी अधिक शक्ती लागली. पुढे १८८०च्या दशकात थॉर्निक्रॉफ्ट कंपनीने झोतावर चालणारी टॉर्पेडो नौका करून पाहिली. तिने १२.६ नॉट गाठले, तर तशाच पंखेवाल्या नौकेने १७.३. अधिकाऱ्यांनी ती कल्पना बाजूला ठेवली, यात नवल नाही.

असे का होते, याचे गणित साधे आहे. नौका पुढे जाते ती पाणी मागे फेकून. अर्धेच पाणी दुप्पट वेगाने फेकले, तर रेटा तेवढाच मिळतो. पण त्या पाण्याबरोबर वाया जाणारी ऊर्जा दुप्पट होते. मोठा पंखा पुष्कळ पाणी सावकाश ढकलतो. पंप थोडे पाणी जोरात फेकतो. शिवाय नळीतले घर्षण, पाणी वर उचलण्याचा खर्च आणि नळीत साठलेल्या पाण्याचे वजन हेही आलेच. म्हणून संथ गतीला झोत उधळ्या ठरतो. नौका वेगाने धावू लागली आणि तिचा तळ पाण्यावर उचलला गेला, की ही तफावत कमी होत जाते. एकोणिसाव्या शतकातल्या जड वाफेच्या इंजिनाला तो वेग गाठणेच शक्य नव्हते.

हलके पेट्रोल इंजिन आले तेव्हा न्यूझीलंडमधील बिल हॅमिल्टन यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. त्यांच्या शेतमळ्याभोवतीच्या नद्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या आणि वेगवान होत्या. आपल्या प्राणहितेच्या खडकांशी त्यांचे गोत्र जुळावे अशा. १९५४ मध्ये त्यांची जेट बोट पाण्यात उतरली. झोताचे तोंड पाण्याखाली न ठेवता पाण्याच्या पातळीच्या वर आणल्यावर तिचा वेग पुष्कळ वाढला. १९६० मध्ये अशा नौका कोलोरॅडो नदीतून, ग्रँड कॅन्यनमधून, प्रवाहाविरुद्ध वर चढल्या. तोवर हे कोणी केले नव्हते.

पण टाकीचा हिशेब सुटला नाही. शंभर अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन पूर्ण जोराने चालवले तर तासाला साधारण ३५ ते ४० लिटर इंधन पिते. समजा, एका छोट्या हौशी बोटीची टाकी १२० लिटरची आहे. जाणते नाविक त्यातला एक तृतीयांश भाग राखीव धरतात. उरलेल्या ८० लिटरमध्ये दोन तास मिळतात. ताशी ४५ किलोमीटरने स्थिर पाण्यात ९० किलोमीटर होतील. समोरून ताशी ९ किलोमीटरचा प्रवाह असेल तर ७२च. आणि घरी परतायचे असेल तर वर जाणे चाळिसाच्या जेमतेम पुढे. टाकी मोठी करावी, तर पेट्रोलचे वजनही वाढते. १२० लिटर म्हणजे सुमारे ९० किलो, एक धष्टपुष्ट माणूसच. वजन वाढले की तळ उचलायला अधिक जोर लागतो. वाळू आणि खडे पंपाची पाती झिजवतात. मग त्याच पल्ल्याला आणखी इंधन. वेग कमी करून बचत करू म्हटले, तर तळ पुन्हा पाण्यात बसतो आणि तोच उधळा झोत पदरी येतो. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर जेट स्कीची फेरी इतकी आखूड का असते, याचे कारणही फार वेगळे नाही.

भारतीय नदीवर या यंत्राची सर्वांत मोठी परीक्षा १९७७ मध्ये झाली. एडमंड हिलरी तीन जेट बोटी घेऊन गंगासागरहून गंगेच्या उगमाच्या दिशेने निघाले. हॅमिल्टन यांचे पुत्र जॉन सोबत होते. सुमारे दीड हजार मैलांचा जलमार्ग कोणत्याही टाकीत मावणारा नव्हता. दर मुक्कामाला काठावर इंधन मिळणे, हीच या प्रवासाची पहिली अट होती. मैदानात काठावर शहरे होती. डोंगरात अलकनंदेच्या कडेने बद्रीनाथचा रस्ता होता. गोदावरीवर कॉटन यांना हव्या असलेल्या नौका रेल्वे आणि रस्त्यांना पर्याय म्हणून कल्पिल्या होत्या. गंगेवरच्या या नौकांची मदार मात्र काठावरच्या रस्त्यांवर होती.

ऋषिकेशच्या वरचे खळाळही त्यांनी पार केले. नंदप्रयागजवळ नदीत एक धबधबा आडवा आला. तेथे बोटी थांबल्या आणि मंडळी पुढे पायी निघाली.