हस्तिदंतापासून धातूच्या गुडघ्यापर्यंत

मैत्रिणींनो, खाडीत वाकून तिसऱ्या काढणं, उकिडवं बसून मासे विकणं, विळीवर मासळी कापणं. आपल्या तारकर्लीत ह्या सगळ्याचा भार गुडघ्यांवर येतो. पाय धनुष्यासारखे वाकले, गुडघा आखडला, की आपण म्हणतो, ‘वय झालं’. पण ह्या दुखण्यावर उपाय शोधायला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लागलाय.

१८९० च्या सुमारास बर्लिनमध्ये ग्लुक नावाच्या डॉक्टरांनी हस्तिदंताचा गुडघा बसवला. जंतुसंसर्गापुढे तो टिकला नाही. १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये धातू आणि प्लास्टिकचा टिकाऊ गुडघा तयार झाला. तो घडवणाऱ्यांत आपले भारतीय डॉ. चित्तरंजन राणावत होते. त्यांनीच ऑक्टोबर २००० आणि जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान वाजपेयींचे दोन्ही गुडघे बदलले. तेव्हा ही शस्त्रक्रिया घराघरांत ठाऊक झाली.

तरी खर्च आवाक्याबाहेरच होता. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने किमतीला लगाम घातला. सरासरी दीड लाखाच्या वर विकला जाणारा नेहमीच्या वापरातला कृत्रिम गुडघा ५४,७२० रुपये अधिक करावर आला. रुग्णालयाचा खर्च मात्र वेगळा.

वाकडा पाय सरळ करता येतो. डॉक्टर हाडांची झिजलेली टोकं कापून नीट करतात, आखडलेले स्नायुबंध सैल करतात. पण शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल, हे बरंचसं तो आधी किती वाकत होता त्यावर ठरतं. म्हणून ‘अगदीच चालवेना तेव्हा बघू’ असं म्हणत बसू नका. गुडघा हलतोय तोवरच हाडांच्या डॉक्टरांना दाखवूया.