जोरदार ओढीत फ्लाय लाइन तळापर्यंत कशी जाते?

कोकणात खाडीच्या मुखाशी मासे गरवताना गळ अनेकदा खाली न जाता वाहत जातो. जिताडा किंवा तांबोशी मात्र बहुधा खाली, खडकांच्या आडोशाला असतात. मग बुडणारी दोरी वापरूनही गळ वरच का राहतो?

सिंकिंग लाइन म्हणजे काय?
फ्लाय फिशिंगमध्ये पिसं आणि धाग्यांचं खोटं आमिष असतं. ते इतकं हलकं असतं की फेकायला दोरीचंच वजन लागतं. दोरीच्या प्लास्टिक आवरणात टंगस्टनची पूड मिसळली की ती बुडते. सेकंदाला 6 इंच बुडणाऱ्या दोरीला 10 फूट खाली जायला 20 सेकंद लागतात. प्रवाहाचा वेग सेकंदाला 1 मीटर असेल, तर तेवढ्यात ती 20 मीटर वाहून जाते.

खरी अडचण कोणती?
ताण. ताणलेल्या मांजामुळे पतंग वर राहतो, तसंच ताणलेल्या दोरीला प्रवाह वर उचलतो. त्यात पाण्याचा वेग दुप्पट झाला, की रेटा साधारण चौपट होतो. म्हणून नुसतं वजन वाढवून भागत नाही.

मग काय करायचं?
- प्रवाहाच्या वरच्या बाजूला, तिरकं फेका.
- दोरी पाण्यावर पडताच ढील द्या. एकदा बुडाली की ती सरळ करता येत नाही.
- मनात सेकंद मोजा आणि मगच ओढायला लागा.
- पुन्हा फेकण्याआधी बरीचशी दोरी आत घ्या. बुडालेली दोरी एका झटक्यात उचलू नका, काठी मोडू शकते.
- मोकळी दोरी कमरेच्या टोपलीत ठेवा, पायात अडकणार नाही.
- घरी आल्यावर दोरी आणि रीळ गोड्या पाण्याने धुवा.

वेळ कोणती निवडायची?
अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ सर्वांत जास्त असते, अष्टमीच्या आसपास भांगाच्या भरतीत कमी. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला 8 ची पाऊणपट 6, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. खाडीत आत जाल तसा थोडा उशीर होतो. पाणी वळतं तेव्हा प्रवाह काही वेळ मंदावतो. दोरी तळाला न्यायची तीच संधी.

सावधान!
दोरी हाताला गुंडाळू नका. खडकावर उभे असाल तर पाणी चढायला लागण्याआधीच परत फिरा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना हा नाद नकोच.